आजार आणि अपराध

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३मध्ये डॉक्टरांच्या वर्तनाचे नवे विनियम काढले आणि त्याच महिन्यात ते स्थगितही केले. त्यातल्या एका कलमाकडे आज मला लक्ष वेधायचे आहे. कामावर असताना किंवा नसताना, व्यवसायावर परिणाम होईल असे मद्याचे वा अन्य मादक पदार्थाचे सेवन म्हणजे गैरवर्तन, असे ते सांगते. या हेतूशी माझा वाद नाही. भूल दिलेल्या रुग्णाला सर्जनच्या तोंडाचा वास येत नाही. त्याच्या वतीने कुणीतरी जागे राहायलाच हवे. माझी तक्रार एवढीच, की या कलमाला अपराध दिसतो, आजार दिसत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांना मानसिक आजारातच धरतो. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम ६४अ तर स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला काही अटींवर खटल्यापासून संरक्षण देते. हेच शहाणपण आपल्या व्यावसायिक नियमांत का नसावे? उपचार घेतले तर नोंदणी जाईल, ही भीती असेल तर डॉक्टर व्यसन लपवतो. आणि तक्रार केली तर एका घराची चूल विझेल, या विचाराने सहकारीही त्याला सांभाळून घेतात. नियम नुसताच कडक असला की पहिल्यांदा साक्षीदार गप्प होतात.

यावर कडक शिक्षेच्या बाजूने वैमानिकांचा दाखला दिला जातो. श्वासचाचणीत पहिल्यांदा दोषी ठरला तर तीन महिने, दुसऱ्यांदा तीन वर्षे परवाना निलंबित, तिसऱ्यांदा रद्द. पण प्रवासी सुरक्षित राहतो तो आधी चाचणीमुळे. आपल्याकडे चाचणी नाही. आहे ती रुग्णाचे नुकसान झाल्यावरची चौकशी. तपासणीला उपचाराची जोड दिली तर काय होते, ते पाहा. अमेरिकेतील १६ राज्यांत व्यसनी डॉक्टरांसाठी चालणाऱ्या डॉक्टर-आरोग्य कार्यक्रमांचा अभ्यास २००८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. माग काढता आलेल्या ८०२ डॉक्टरांपैकी १५५ कार्यक्रमात टिकले नाहीत. उरलेले ६४७ उपचार संपवून देखरेखीखाली कामावर परतले. पाच वर्षांतल्या लघवीच्या तपासण्यांत त्यांतले १२६ पुन्हा सापडले. पाच वर्षांअखेर ८०२पैकी ६३१ जण परवान्यासह काम करत होते, ८७ जणांचे परवाने रद्द झाले होते. या अभ्यासाला तुलनेचा गट नव्हता, आणि गमावण्यासारखे पुष्कळ असलेले लोक सुधारणारच, हा आक्षेप मला मान्य आहे. पण गमावण्याची ती गोष्ट म्हणजे नोंदणी, आणि ती तर राज्य वैद्यकीय परिषदेच्याच हातात आहे! ती एकदम काढून घेण्याऐवजी वर्षानुवर्षे अटींवर ठेवली, तर तिचा धाक अधिक काळ उपयोगी पडेल.

हे डॉक्टरांना पाठीशी घालणे नव्हे. ज्याच्या हातून रुग्णाला इजा झाली त्याची चौकशी व्हावीच; आजार ही तिथे ढाल होऊ नये. मात्र स्वतःहून आलेल्यासाठी राज्य परिषदेने शिस्तपालनापासून वेगळी, गोपनीय आरोग्य समिती नेमावी: उपचार संपेपर्यंत रुग्णसेवा बंद, नंतर अचानक होणाऱ्या तपासण्या, आणि अट मोडली की प्रकरण थेट शिस्तपालन समितीकडे. अशीच सोय परिचर्या परिषदेकडेही हवी, कारण वॉर्डातल्या अमली औषधांच्या कपाटाची किल्ली बहुतेक वेळा सिस्टरकडे असते आणि नोकरी गेली तर दुसरी मिळवणे तिला डॉक्टरपेक्षा कितीतरी अवघड जाते.