कड्याखालचे रबर
(रेडिओवरील भाषण)



पाणबुड्यांसाठी बनविलेल्या जुन्या मनगटी घड्याळांवर काचेभोवती जे फिरते कडे असते, ज्याला घड्याळजी मंडळी बेझल म्हणतात, ते कालांतराने सैल झाले, मनगट हलले की खुळखुळू लागले, सदऱ्याच्या बाहीला लागून आपोआप फिरू लागले, म्हणजे त्याच्या मालकाने काय करावे, एवढाच विषय मी आजच्या दहा मिनिटांसाठी घेतला आहे. आणि त्यातही मला मुख्यत्वे एकच गोष्ट सांगावयाची आहे, ती ही की त्या कड्याला गोंद लावू नका. ही गोष्ट मी पुढेही दोनतीनदा सांगणार आहे, कारण पुष्कळ श्रोते रेडिओ मध्येच लावतात, आणि एवढे एक वाक्य ज्यांच्या कानांवर पडले नाही त्यांना बाकीचे ऐकून फारसा लाभ नाही.

हे कडे शोभेसाठी नाही. 1953 साली ब्लाँपँ या स्विस पेढीचे फिफ्टी फॅदम्स हे घड्याळ फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्या जवानांसाठी तयार झाले, त्याच सुमारास रोलेक्सचे सबमरिनर आले, आणि तेव्हापासून या कड्याचे प्रयोजन तेच राहिले आहे: पाण्यात उतरताना कड्यावरील त्रिकोणी खूण मिनिटकाट्यासमोर आणून ठेवावी, म्हणजे पुढे काटा कड्यावरील ज्या आकड्यासमोर येईल तितकी मिनिटे आपण पाण्याखाली आहोत, असा हिशेब डोके न चालविता डोळ्यांना कळतो. अमेरिकी नौदलाच्या जुन्या तक्त्यांप्रमाणे, वर येताना वाटेत थांबे न घेता परतावयाचे असेल तर, 60 फूट खोलीवर 60 मिनिटे, 100 फुटांवर 25 मिनिटे आणि 130 फुटांवर अवघी 10 मिनिटे एवढीच मुदत असे. ती ओलांडून सरळ वर येणाऱ्या माणसाच्या शरीरात विरघळलेला नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडू लागतो, आणि त्याचे परिणाम सांध्यांच्या वेदनेपासून पक्षाघातापर्यंत, प्रसंगी मृत्यूपर्यंत जातात. आता असे समजा की हे कडे सैल आहे, आणि खडकाला घासून ते काट्यांच्या दिशेने पाच मिनिटे पुढे सरकले. पाणबुड्याला वाटेल की वीसच मिनिटे झाली. प्रत्यक्षात पंचवीस होऊन गेलेली असतील. पुढील काळातील कडी एकाच दिशेने, काट्यांच्या उलट, फिरतील अशी बनविली गेली ती याच भयापोटी, कारण त्या दिशेने धक्का लागला तर गेलेला वेळ अधिक दिसतो आणि माणूस लवकर वर येतो. 1982 साली पाणबुड्यांच्या घड्याळांसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले त्यातही ही वेळ मोजण्याची योजना चुकून फिरणार नाही अशी असावी, अशी अट आहे. पण आपण ज्या जुन्या घड्याळांविषयी बोलत आहो त्यांतील बहुतेकांची कडी दोन्ही दिशांना फिरणारी. त्यांच्या प्रामाणिकपणाला जामीन काय तो त्यांचा घट्टपणा.

मग हा घट्टपणा येतो कोठून? माझा सारा आग्रह या प्रश्नापाशी आहे. उदाहरणादाखल सेइकोचे 6309-7040 हे घड्याळ घ्या, जे 1976 पासून 1988 पर्यंत निघत होते, दीडशे मीटर खोलीसाठी बनविलेले, आणि आजही पुष्कळांच्या संग्रही आहे. त्याच्या कड्याखाली रबराचे एक बारीक वेटोळे असते, आणि घड्याळाच्या अंगात एका छोट्या भोकात स्प्रिंग व तिच्यावर टेकलेला मोहरीएवढा छर्रा असतो. छर्रा कड्याच्या आतल्या दात्यांत अडकून टक्‌टक्‌ असा ठेका देतो. परंतु कडे दाबून, तोलून, सारख्या घर्षणाने फिरत ठेवण्याचे काम रबराचे. चाळीसपंचेचाळीस वर्षांत घाम, साबण, खारे पाणी आणि उन्हाळे सोसून ते रबर वाळते, चपटे होते, त्याची स्थितिस्थापकता नाहीशी होते, आणि मग पोलादाच्या कड्याला धरून ठेवणारे कोणीच उरत नाही. कडे बहुधा जसेच्या तसे असते. झिजलेले असते ते रबर. मी पुन्हा सांगतो: कडे बहुधा जसेच्या तसे असते, झिजलेले असते ते रबर.

घरोघरच्या प्रेशर कुकरचा अनुभव आपणांस आहेच. झाकणाचे रबर ताठर झाले की झाकण हलते, वाफ बाजूने निसटते, शिटी होत नाही आणि डाळ बोटचेपी राहते. त्या वेळी कोणी शहाणी गृहिणी झाकण हातोडीने ठोकून आवळीत नाही, किंवा झाकण भांड्याला चिकटवून टाकीत नाही. ती फार तर ते रबर थंड पाण्यात घालून एक दिवस निभावून नेते आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून त्याच मापाचे नवे रबर मागविते. ‘त्याच मापाचे’ हे शब्द ध्यानात ठेवण्याजोगे आहेत, कारण पाच लिटरच्या कुकरला तीन लिटरचे रबर ताणून बसविणारालाही शिटी ऐकू येत नाही, आणि जाड रबर कोंबणाराचे झाकण लागतच नाही. स्वयंपाकघरात जी बुद्धी आपण रोज वापरतो ती घड्याळापाशी येताच कोठे जाते, हे मला खरोखरच उमगत नाही. क्षणात चिकटणाऱ्या गोंदाचे दोन थेंब कड्याखाली सोडून ‘घट्ट झाले’ म्हणून समाधान मानणारे सज्जन मी पुष्कळ पाहिले आहेत. तो गोंद वाहत छर्ऱ्याच्या भोकात जातो, स्प्रिंग कायमची जखडून टाकतो, त्याच्या वाफेने काचेवर पांढुरकी धूसर छटा चढते, आणि पुढे ज्या कारागिराच्या हाती ते घड्याळ पडते त्याला दात्यांतील गोंद उकरण्यातच दिवस घालवावा लागतो. कडे फिरेनासे झाले म्हणजे दुरुस्त झाले, असा अर्थ कोणी करू नये. कुकरचे झाकण चिकटवून टाकले तर त्याला दुरुस्ती म्हणाल काय?

आता कृती. घड्याळाच्या अंगावर चिकटपट्टी लावून घ्यावी, म्हणजे ओरखडे उठणार नाहीत. मग पातळ, बोथट पात्याने कडे एकाच ठिकाणी जोर न लावता भोवती चार-पाच ठिकाणी थोडे थोडे उचलावे, आणि हे सर्व एखाद्या पारदर्शक पिशवीच्या आत हात घालून करावे, कारण तो छर्रा उडाला की जमिनीवर सापडण्याची आशा धरू नये. चाकूचे टोक खुपसून एका झटक्यात कडे उडविणाऱ्यांमुळे त्याची आतील धार वाकते, आणि मग नवे रबर घालूनही ते नीट धरत नाही. खरोखर सैल झालेले असे कडे माणसाच्या घाईने झालेले असते. रोलेक्ससारख्या काही जुन्या घड्याळांत तर कड्याच्या आतली धातूची पट्टीच काच दाबून धरते, तेथे नवशिक्याने हात घालूच नये. सुटे झालेले कडे कोमट साबणाच्या पाण्यात मऊ कुंचल्याने धुवावे. कडे धुवावे, घड्याळ नव्हे. अंगावरील खोबणीतील मळ लाकडी काडीने, कोरडा, काढावा. नव्या रबराला सिलिकोन ग्रीसचा नुसता हात फिरवावा. खोबरेल, व्हॅसलीन, शिवणयंत्राचे तेल यांपैकी काही नको. काही रबरे त्यांनी फुगतात, आणि धूळ तर धरतेच. मग स्प्रिंग, छर्रा, रबर आपापल्या जागी ठेवून दोन्ही अंगठ्यांनी समोरासमोर सारखा दाब द्यावा. कडे बसत नसेल तर अधिक जोर करू नका. रबर जाड आहे, ते बदला.

पुष्कळ जण मला म्हणतात, आम्ही कोठे समुद्रात उतरतो, आणि हल्ली मालवणला बुडी मारणारेही मनगटावर संगणक बांधून जातात. हे खरे आहे. परंतु ज्या वस्तूने एके काळी कोणा अनोळखी माणसाच्या श्वासाचा हिशेब ठेवला, तिचे आकडे आपल्या हातावर खोटे पडू देणे मला बरे वाटत नाही, आणि त्यासाठी लागणारा खर्च रबराच्या एका वेटोळ्याचा आहे.

आणखी एक इशारा, तो थोडक्यात. 1960 च्या दशकापूर्वीच्या घड्याळांवर अंधारात चमकणाऱ्या खुणा बहुधा रेडियमच्या असतात. त्या आता चमकत नाहीत म्हणून निरुपद्रवी झाल्या असे नव्हे. विझला आहे तो त्यातील चमकणारा पदार्थ, रेडियमची शक्ती निम्मी व्हावयास सुमारे 1600 वर्षे लागतात. तेव्हा कड्यावरील ती जुनी भुकटी खरवडू नका, तिच्यावर फुंकरही मारू नका. असे कडे जाणत्या घड्याळजीच्या हवाली करा.

शेवटची गोष्ट, कड्यावरील आकड्यांची जी पातळ चकती असते तीही कधी कधी सैल होऊन सरकते, आणि लोक समजतात की कडेच हलले. ती बसविण्यासाठी दोन्ही बाजूंनी चिकटणारी पातळ पट्टी मिळते. एवढा एकच चिकट पदार्थ या कामात मला मान्य आहे, आणि तोही चकतीखाली, कड्याखाली नव्हे.