संग्राह्य कशाला म्हणावे?



भाषेच्या अध्यापकाने चित्रपटावर बोलावे, हे काहींना विषयांतर वाटेल. परंतु आजचा चित्रपट एका कवीचाच आहे. १९३० साली पॅरामाउंटने काढलेल्या ‘द व्हॅगबाँड किंग’ या संगीतपटाचा नायक आहे फ्रान्स्वा व्हियों. मध्ययुग मावळत असता, प्रबोधनकाळाच्या उंबरठ्यावर पॅरिसमध्ये वावरलेला हा कवी. संगीत रुडॉल्फ फ्रिमल यांचे. प्रमुख भूमिका डेनिस किंग आणि जीनेट मॅक्डोनाल्ड यांच्या.

पडद्यावर राजा अकरावा लुई या भणंग कवीच्या हाती काही काळ सत्ता सोपवतो. खऱ्या व्हियोंच्या वाट्याला मात्र १४६३ साली हद्दपारी आली आणि पुढे इतिहासात त्याचा माग लागत नाही. तरी त्याची कविता उरली. कारण १४८९ मध्ये ती छापली गेली आणि १५३३ मध्ये क्लेमां मारो या कवीने ती पाठशुद्धी करून पुन्हा सिद्ध केली. कवीला जगवले ते जतन करणाऱ्यांनी.

चित्रपटाचे भाग्यही असेच पणाला लागले होते. तो द्विरंगी टेक्निकलरमध्ये चित्रित झाला. त्या पद्धतीत लाल आणि हिरव्या छटाच पकडल्या जात. खरा निळा उमटतच नसे. फीत नायट्रेटची, म्हणजे ज्वालाग्राही आणि आपोआप कुजणारी. त्यातच प्रेक्षक संगीतपटांना लवकरच कंटाळले; मग जुन्या प्रती सांभाळणार कोण? त्याच वर्षीच्या ‘द रोग साँग’चे आज केवळ तुकडे उरले आहेत. ‘द व्हॅगबाँड किंग’ मात्र वाचला. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाच्या चित्रपट-संग्रहालयाने त्याचे जतन केले.

संग्राहक अशा चित्रपटांची भित्तिपत्रके, गीतपत्रिका आणि ध्वनिमुद्रिका शोधत असतात. वस्तू दुर्मिळ झाली की बाजारात तिचे मोल चढते. अभ्यासकाची कसोटी निराळी: वस्तू पूर्ण आहे काय, ती कोठून आली हे ठाऊक आहे काय, आणि ती इतरांना पाहता येते काय? कुलूपबंद कपाटात कुजणारी फीत दुर्मिळ खरी, पण ती संस्कृतीच्या उपयोगाची नाही.

आपल्याकडे १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये झळकलेल्या ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुढच्याच वर्षीचा प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मात्र आपण पाहू शकतो. दोहोंमधले अंतर गुणवत्तेचे नव्हे, जतनाचे आहे.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना एकच विनंती. आपल्या घरी शाळेची हस्तलिखिते, स्नेहसंमेलनांची पत्रके, नाटकांची छायाचित्रे असतील, तर त्यांवर नावे आणि वर्षे आजच लिहून ठेवा. ती मौल्यवान आहेत की नाहीत, हे पुढची पिढी ठरवील. परंतु त्यासाठी ती तिच्या हाती पोहोचली पाहिजेत.