घोरणं मध्येच थांबतं तेव्हा



छातीच्या विकारांची डॉक्टर म्हणून मी एक वाक्य वारंवार ऐकते. "डॉक्टर, हे घोरतात त्याची सवय झालीय मला. पण घोरणं मध्येच थांबतं ना, तेव्हा भीती वाटते. मी हलवून बघते यांना." शेजारच्या खुर्चीतले गृहस्थ हसतात आणि म्हणतात, "हिचं काहीतरीच. मला तर पडल्या पडल्या झोप लागते." अशा वेळी मी त्या बाईंचं ऐकते. ज्याचा श्वास झोपेत अडतो, त्याला स्वतःला त्याचा पत्ता नसतो. या आजाराची पहिली साक्ष देते ती शेजारी झोपणारी व्यक्ती, आणि आपल्याकडे तिचंच म्हणणं सगळ्यांत कमी मनावर घेतलं जातं. रात्रभर घोरणाऱ्याला आपण "काय गाढ झोप लागलीय" म्हणून कौतुकाने पांघरूण घालतो.

या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. जीभ आणि टाळू यांच्या मागचा गळ्याचा भाग मऊ स्नायूंचा असतो. जागेपणी ते स्नायू ताठ राहून वाट मोकळी ठेवतात, झोपेत ते सैलावतात. शहाळ्याचं पाणी ओढताना भिजलेली कागदी नळी जशी चपटी होऊन चिकटते, तशी काही जणांची ही वाट श्वास ओढताना मिटते. छाती धडपडत राहते, पण हवा आत जात नाही. दहा सेकंद, वीस, कधी अर्ध्या मिनिटाहूनही जास्त. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, मोठा फुरफुराट होऊन श्वास सुटतो आणि माणूस पुन्हा झोपतो. असं तासाला पाचापेक्षा जास्त वेळा होऊ लागलं की आजार धरतात, तिसाच्या वर गेलं की तीव्र म्हणतात. तासाला चाळीस वेळा अडणारा माणूस सात तासांच्या झोपेत २८० वेळा या झटापटीतून जातो. सकाळी तो म्हणतो, झोप छान झाली, पण अंग जड वाटतंय.

आता हृदयाचं बघू. निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री दहा ते वीस टक्के उतरतो, हृदयाला तेवढीच विश्रांती मिळते. ॲप्नियात दर अडथळ्यानंतर शरीर संकट आल्यासारखं वागतं. ॲड्रिनलिन उसळतं, रक्तवाहिन्या आवळतात, दाब चढतो. वर्षानुवर्षं असं चाललं की दिवसाचा दाबही वर राहू लागतो. तीन-तीन गोळ्या घेऊनही ज्यांचा बीपी आटोक्यात येत नाही, त्यांच्यात ॲप्निया फार आढळतो. अशा रुग्णाची गोळी वाढवण्याआधी कुणीतरी त्याच्या रात्रीची चौकशी करावी, असा माझा आग्रह आहे. हृदयाचे ठोके अनियमित होणं, पक्षाघात, हृदय कमकुवत होणं, मधुमेह या सगळ्यांशी या आजाराचं नातं आहे. हृदयविकाराने अचानक येणारा मृत्यू एरवी सकाळी सहा ते दुपारी बारा या वेळात जास्त आढळतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २००५ मध्ये दाखवलं की ॲप्नियाच्या रुग्णांत ही वेळ बदलते, मध्यरात्र ते पहाटे सहा अशी होते. तिथल्याच विस्कॉन्सिन राज्यात १९८८ पासून ज्या लोकांच्या झोपेचा अभ्यास चालू होता, त्यांच्यात तीव्र ॲप्निया असलेल्यांचं मृत्यूचं प्रमाण ॲप्निया नसलेल्यांच्या सुमारे तिप्पट निघालं. २०२२ च्या फेब्रुवारीत संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत गेले, तेव्हा रुग्णालयाने याच आजाराचं नाव सांगितलं होतं.

पण मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती दिवसाच्या पेंगेची, कारण तिच्यात दुसऱ्यांचेही जीव जातात. १ डिसेंबर २०१३ च्या सकाळी न्यूयॉर्कमध्ये एक लोकल गाडी वळणावर रुळांवरून घसरली. वळणावर ताशी सुमारे ४८ किलोमीटरची मर्यादा होती, गाडी १३० च्या वर होती. चार माणसं गेली. चौकशीत निष्पन्न झालं की मोटरमनचा डोळा लागला होता. त्याला तीव्र स्लीप ॲप्निया होता आणि तोपर्यंत कुणी तो ओळखलाच नव्हता. त्यातच नुकतीच त्याची पाळी बदलून पहाटेची झाली होती. आपल्याकडे रात्री ट्रक, ट्रॅव्हल्सच्या बस, एसटी चालवणारी किती माणसं असा आजार घेऊन फिरत असतील? ती चहा पितात, तंबाखू मळतात, खिडकी उघडतात, तोंडावर पाणी मारतात. यातल्या कशानेही गळ्यातली वाट मोकळी होत नाही. सिग्नलला थांबल्यावर पेंग येत असेल, तर तपासणी होईपर्यंत गाडी दुसऱ्याच्या हाती द्या. हे मी विनंती म्हणून सांगत नाही.

हा फक्त जाड माणसांचा आजार, असा समज आहे. वजन आणि जाड मान ही मोठी कारणं आहेतच, पण जबडा लहान किंवा मागे असेल तर सडपातळ माणसालाही तो होतो. बायकांत पाळी गेल्यानंतर त्याचं प्रमाण वाढतं आणि त्यांची तक्रार बहुधा घोरण्याची नसते. थकवा, रात्री झोप मोडणं, सकाळची डोकेदुखी, चिडचिड असं त्या सांगतात, आणि "वयाचंच आहे" म्हणून ते बाजूला पडतं. रात्री तीन-चारदा लघवीला उठावं लागतं, तेव्हा प्रोस्टेट नाहीतर साखर तपासतात. ते तपासाच, पण श्वास अडण्यानेही असं होतं. लहान मूल तोंड उघडं टाकून झोपतं, घोरतं, शाळेत एका जागी बसत नाही, अंथरूण ओलं करतं, तर त्याचे टॉन्सिल आणि नाकामागच्या ॲडिनॉइड ग्रंथी दाखवून घ्या. मूल आळशी किंवा द्वाड ठरण्याआधी हे व्हायला हवं.

तपासणीला घाबरण्यासारखं काही नाही. बोटाला, नाकाखाली, छातीभोवती काही साधनं बांधून एक रात्र झोपायचं. बऱ्याच जणांची ही तपासणी घरीही होते. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी घरच्यांनी झोपेचा मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून आणावा. त्याने डॉक्टरांना फार मदत होते.

उपचारात वजन उतरवणं, रात्रीची दारू सोडणं, उताणं न झोपता कुशीवर झोपणं याने फरक पडतो. झोपेची गोळी मात्र मनाने घेऊ नका, काही गोळ्यांनी श्वास आणखी अडतो. मध्यम आणि तीव्र आजारात मुख्य उपाय सीपॅप यंत्राचा. सिडनीचे डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये तो जगापुढे मांडला. हे ऑक्सिजनचं यंत्र नव्हे. खोलीतलीच हवा ठरावीक दाबाने मास्कमधून आत जाते आणि गळ्याची वाट उघडी ठेवते. हे लावलं की हार्ट अटॅक टळलाच, असं मी सांगणार नाही. हृदयाचे किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे विकार असलेल्यांवरच्या २०१६ च्या मोठ्या चाचणीत तसं सिद्ध झालं नाही. त्या रुग्णांनी यंत्र वापरलंही रात्री सरासरी तीन तासांच्या थोडं वर. पण पेंग जाते, दाब थोडा उतरतो, माणूस कामाला लागतो, हे पक्कं आहे. यंत्र महाग असतं, म्हणून शहरांत भाड्याने मिळतं तिथे आधी महिनाभर वापरून पाहा. पहिले काही दिवस मास्क टोचतो, नाक कोरडं पडतं. तेव्हा यंत्र कपाटात टाकू नका, मास्क बदलून घ्या, दमट हवेची सोय लावून घ्या.

आणि कुठलीही शस्त्रक्रिया ठरली असेल, अगदी हर्नियाची असली तरी, आपल्याला ॲप्निया आहे किंवा घोरताना आपला श्वास अडतो हे भूलतज्ज्ञांना आधी सांगा. भुलीच्या आणि वेदनाशामक औषधांचा अशा गळ्यावर जास्त परिणाम होतो. घरी यंत्र वापरत असाल तर ते दवाखान्यात सोबत न्या.