गेल्या वर्षीचा गणवेश

जून उजाडतो, शाळा उघडते आणि चौथीतल्या मुलाला गेल्या वर्षीचीच पँट बरोबर बसते. घरच्यांना वाटतं, यंदाचा खर्च वाचला. पण 4 वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण 5 ते 6 सेंटिमीटर वाढायला हवं. वाढ थांबली, त्यात डोकं दुखतं, बाजूने येणारी सायकल दिसत नाही आणि रात्री चार-चार वेळा उठून मूल माठाकडे जातं, तर डॉक्टरांच्या मनात एक शंका येते: पियूषिका ग्रंथीजवळची गाठ.

नाकाच्या मुळामागे, कवटीच्या तळाशी वाटाण्याएवढी ही ग्रंथी असते. उंची, थायरॉइड, वयात येणं, शरीरातलं पाणी, सगळ्यांवर तिची सत्ता. मुलांमध्ये तिच्याजवळ होणाऱ्या एका गाठीचं नाव क्रेनिओफॅरिंजिओमा. हार्वी कुशिंग या अमेरिकी शल्यविशारदाने 1932मध्ये ते रूढ केलं. गर्भावस्थेत मागे राहिलेल्या पेशींतून ती वाढते. आत बहुधा यंत्राच्या तेलासारखा दाट द्रव असतो. ती कॅन्सरची नसते, पण जागा अशी अवघड की दृष्टीच्या नसा आणि भुकेचं केंद्र तिला खेटूनच असतात.

शस्त्रक्रियेने गाठ निघते, तरी अनेक मुलांची ग्रंथी पुन्हा काम करत नाही. मग सकाळी थायरॉक्सिन, दिवसातून दोन-तीनदा हायड्रोकॉर्टिसोन, लघवी आवरायला डेस्मोप्रेसिन. लघवी सारखी होत असली तरी हा नेहमीचा मधुमेह नव्हे, या लघवीत साखर नसते. आई मापाच्या भांड्याने पाणी आणि लघवी मोजते, वहीत लिहिते.

वाढ थांबलेल्या मुलांना इंजेक्शनने द्यायचं वाढीचं संप्रेरक पूर्वी मृत माणसांच्या ग्रंथींतून काढत. त्यातून काहींना मेंदूचा जीवघेणा आजार झाला. 1985पासून प्रयोगशाळेत तयार केलेलं संप्रेरक मिळू लागलं.

काही मुलांची भूक भागतच नाही, वजन झपाट्याने वाढतं. नातेवाईक म्हणतात, 'लाडाने जाड केलंय.' हा घोर अन्याय आहे. दोष मेंदूतल्या इजेचा, मुलाचा नाही आणि आईचा तर नाहीच.

अशा मुलाला ताप आला तर हायड्रोकॉर्टिसोन बंद करायचं नसतं, उलट डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दुप्पट-तिप्पट द्यायचं असतं. उलट्या होऊन गोळी टिकत नसेल तर इंजेक्शन लागतं, तेही तातडीने. तसं लिहिलेली चिठ्ठी मुलाच्या दप्तरात ठेवा आणि एक प्रत वर्गशिक्षकांकडे द्या.