इंग्रजींतील ‘उद्यां’ आणि पाळीची नोंदवही

मराठींत निरोप सांगणें सोपें असतें. “‘उद्यां येतों,’ असें तो म्हणाला,” एवढ्यानें काम भागतें. बोलणाराचे शब्द जसेच्या तसे राहतात. इंग्रजींत अप्रत्यक्ष कथन करतांना मात्र काळाची मोजणी निरोप सांगणाराच्या क्षणापासून होते. म्हणून ‘नाऊ’चें ‘देन’, ‘टुडे’चें ‘दॅट डे’, ‘येस्टरडे’चें ‘द डे बिफोर’, ‘टुमॉरो’चें ‘द नेक्स्ट डे’ आणि ‘अगो’चें ‘बिफोर’ होतें. हें कोष्टक विद्यार्थी पाठ करतात. त्यामागील कारण मात्र पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं.

तें कारण कारखान्यांत चटकन उमगतें. पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला. पुढें आकुर्डी, भोसरी व चाकणपर्यंत उद्योग पसरले. येथें पाळ्या बदलतात, पण यंत्रें चालूच राहतात; एका पाळीचा निरोप दुसरीस नोंदवहींतून मिळतो, आणि ती वही पुष्कळदां इंग्रजींत असते.

समजा, सोमवारीं रात्रीं दहा वाजतां फोरमन म्हणाला, “साचा उद्यां बदलूं.” मंगळवारीं पहांटे रात्रपाळीच्या कामगारानें ‘टुमॉरो’ हाच शब्द वहींत उतरविला. सकाळच्या पाळीनें तो वाचून बुधवार धरला. झिजलेला साचा आणखी एक दिवस चालला आणि दिवसभराचा माल भंगारांत गेला!

येथें कोष्टकाप्रमाणें ‘द नेक्स्ट डे’ लिहावें, तर फोरमन सोमवारीं बोलला हेंही सांगावें लागतें. पहांटेपर्यंत तो ‘उद्यां’ ‘आज’ झालेला होता. म्हणून ‘टुडे’ हाच शब्द तेथें अधिक नेमका. उलट, हाच निरोप मध्यरात्रीपूर्वीं लिहिला असता, तर ‘टुमॉरो’ बदलण्याचें कारणच नव्हतें. तात्पर्य, शब्द नियमाच्या धाकानें बदलत नाहींत. दिवस पालटला म्हणून बदलतात.

अडचण एकट्या इंग्रजीची नाहीं. हिंदींतील ‘कल’ गेलेल्या व येणाऱ्या अशा दोन्ही दिवसांस चालतो. मराठींतील ‘परवां’चीही तीच गत. वाक्यांतील क्रियापद अर्थ सांगतें. त्रोटक टिपणांत तेंच गाळलें जातें.

व्याकरण शिकणारानें म्हणून दोन प्रश्न विचारावे: बोलणें केव्हां झालें, आणि तें सांगितलें जात आहे केव्हां? उत्तरें मिळालीं कीं योग्य शब्द आपोआप सुचतो. नोंदवहींत मात्र वार आणि तारीखच लिहावी. पाळी बदलली तरी तारखेचा अर्थ बदलत नाहीं.