वापसा आधी कुणाच्या रानाला?

(मोहने येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापूस-ज्वारीवाल्यांची बैठक कल्याणच्या पलीकडं, उल्हास नदीच्या काठावर मोहन्यात कशाला, असं येताना गाडीत पुष्कळांनी विचारलं. आंबिवली स्टेशनावर उतरून येताना तुम्ही एनआरसीची जागा पाहिली असेल. तिथं लाकडाच्या लगद्यापासून रेयॉनचं सूत निघायचं. आपल्या कापसाचा सावत्र भाऊच म्हणा. पण त्या सुतावर हजारो घरं चालली, आणि कोरडवाहू गावं सोडून आलेली आपली माणसंही त्यात होती. 2009 च्या नोव्हेंबरात कारखान्याला टाळं लागलं. थकलेल्या देण्यांसाठी कामगार पुढं दहा वर्षांहून जास्त काळ झगडत राहिले.

काल रात्री ज्यांच्या घरी आम्ही भाकरी खाल्ली, ते एक जुने कामगार. ते सांगत होते, की आपल्या खात्यातलं यंत्र कसं चालतं हे झोपेतही सांगता आलं असतं. पण कारखाना कसा चालतो, हे विचारणं आपलं काम नाही असंच वाटायचं. हिशेब विचारायचं सुचलं ते गेट बंद झाल्यावर. हे ऐकून आम्हाला झोप लागेना. कारण भावांनो, हे तर आपल्याच गावचं बोलणं आहे. जिनिंगवाला काय करतो, वेचणारी काय करते, शेजाऱ्याच्या गाठोड्यात ओल किती, हे आपण तरी कुठं विचारतो? भाव पडला की मग भांडतो.

एकजुटीचं भाषण आपण पुष्कळ ऐकलं. आज एकजुटीचं बोलायचं नाही. सावडीचं बोलायचं आहे.

इर्जिक एका दिवसाची. जेवण झालं की फिटली. सावड हंगामभराची. एका बैलाचा शेतकरी दुसऱ्या एका बैलाच्या शेतकऱ्याशी जोडी करायचा. आता बघा, मृगाचा पाऊस पडला. दोघांची मिळून तिफण एक. पेरायचं आधी कुणाचं? घात चार दिवसांची, चुकली तर वर्ष चुकलं. इथं सख्खे भाऊसुद्धा एकमेकांचं तोंड बघायचे नाहीत. तरी सावड टिकायची. कशी? जुनी माणसं माणसाकडं बघत नसत, रानाकडं बघत. हलकं, मुरमाड रान लवकर निचरतं, त्याला वापसा आधी येतो; तिफण आधी तिथं. भारी काळ्या रानात त्या दिवशी घातलीच तर चिखल फासणार. त्याची पाळी नंतर. पाटलाचं असो की कुणाचं, नियम जमिनीनंच घालून दिलेला. म्हणून कुणाला कमीपणा वाटत नसे. आता ट्रॅक्टर आला. तो आधी कुणाच्या बांधावर जातो? ज्याच्या हातात रोकड आहे त्याच्या.

नियम माल येण्याआधी ठरलेला हवा आणि तो कुणाच्या मर्जीवर नको. पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी 1972 च्या दुष्काळानंतर हेच केलं. पाणी पंचायत म्हणतात ती हीच. पाणी जमिनीवर नाही, माणशी वाटायचं. माणशी अर्ध्या एकरापुरतं. ज्याला जमीन नाही त्याचाही पाण्यावर हक्क. ऊस लावायचा नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः घालायचा. हे सगळं पाणी येण्याआधी ठरलं. पाणी आल्यावर ठरवायला बसले असते तर डोकी फुटली असती.

उलटं उदाहरण आपल्या घरातलंच आहे. 1972 साली कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली, आणि सुमारे तीस वर्षं कापसाला कायद्यानं एकच दार राहिलं. बाहेर भाव चढला की आपल्या गाड्या रातोरात सीमेपलीकडं, बाहेर पडला की परमुलखाचा कापूससुद्धा आपल्या केंद्रावर. चोर कोण आणि साव कोण? आम्ही म्हणतो, सक्तीनं बांधलेल्या जोडीतला बैल जू टाकायची संधी बघणारच. पण आपण आपल्या मर्जीनं दुसरं दार उभं केलं नाही, हेही तितकंच खरं.

ते दार गावापुरतं उभं करता येतं. हमीभावाच्या खरेदीत ओल 8 टक्क्यांच्या आत असेल तर पूर्ण भाव. पुढं टक्क्यागणिक कपात. 12 च्या वर कापूस परत. एकत्र विकायला नेलेल्या ढिगात एकानं ओलं गाठोडं घातलं, की सगळ्यांचा ढीग ओला. म्हणून ढीग करण्याआधी ज्याचं त्याचं गाठोडं मोजायचं, ओल बघायची, वहीत मांडायची. कपात ज्याची त्याच्या नावावर. यात अविश्वास नाही. वही नसली की मात्र अविश्वास सुरू होतो.

आणि आता मायबहिणींकडं बघून बोलतो. कापूस ओला कुठं होतो? दवात वेचल्यानं. दवात का वेचतात? मजुरी किलोवर, आणि दवातला कापूस वजनाला भरतो. कवडी आणि पाला त्याच पिशवीत का येतो? निवडायला वेळ लागतो, वेळेचा पैसा कुणी देत नाही. मग वेचणारीला नावं ठेवून काय उपयोग? ऊन चढल्यावर वेचलेल्या, निवडलेल्या कापसाला किलोमागं जास्त मजुरी द्या. किती, ते कट्ट्यावर बसलेल्या पुरुषांनी परस्पर ठरवायचं नाही. वेचणाऱ्या बायांना बैठकीत बसवा, त्यांना आधी बोलू द्या. आमच्याच काही गावांत याला विरोध होईल, आम्हाला ठाऊक आहे. मागच्या हंगामात आमच्यातल्याच एकानं भरसभेत विचारलं, बायांना कापसातलं काय कळतं? सबंध बोंड जिच्या हातून निघतं, तिला कळत नाही तर कुणाला कळणार?

मोहन्यात राहिलेल्या आपल्या भावांचंही एक काम आहे. तुमचं नाव अजून गावच्या सातबारावर आहे. बियाण्याला पैसे पाठवता आणि दिवाळीला निम्मा वाटा मागता. यंदा पैशाबरोबर चिठ्ठी पाठवा, आणि गावाकडच्या भावानं खर्चाची वही पाठवावी. वहिनींनाही वाचू द्या.

पोळा झाला की दसऱ्याच्या आत गावोगाव बसायचं. वेचणी सुरू झाल्यावर नाही. रात्रीची गाडी कल्याणहून आहे, अजून वेळ आहे. गावनिहाय गोल करा आणि वह्या काढा.