स्वस्त शेअर आणि कष्टाची पुंजी
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



देशातील डीमॅट खात्यांची संख्या मार्च २०२४ मध्ये १५ कोटींच्या पुढे गेली. एकेकाळी दलाल स्ट्रीटवरील मूठभरांची मिरासदारी असलेला शेअरबाजार आता कारकून, शिक्षक आणि रिक्षाचालक यांच्या मोबाइलवर येऊन ठेपला आहे. या नवागतांना पहिली भुरळ पडते ती पेनी स्टॉकची, म्हणजे दहा-वीस रुपयांच्या आतील, अपरिचित कंपन्यांच्या शेअर्सची. 'दोनाचे चार झाले की पैसे दुप्पट' हा हिशेब कानाला गोड लागतो. तो तपासून घेणे अगत्याचे आहे.

भाव कमी म्हणजे कंपनी स्वस्त, हा पहिला भ्रम होय. दोन रुपयांचे १०० कोटी शेअर्स असलेल्या कंपनीचे बाजारमूल्य २०० कोटी रुपये होते. दोन हजार रुपयांचे ५ लाख शेअर्स असलेल्या कंपनीचे केवळ १०० कोटी. तेव्हा भाव नव्हे, तर संपूर्ण कंपनीची किंमत आणि तिची कमाई यांचा मेळ पाहावा.

त्यासाठी लागणारी कागदपत्रे शेअरबाजारांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. वार्षिक अहवालात नफ्याबरोबर प्रत्यक्ष रोकड येते की नाही, हे पाहावे. कागदावर नफा आणि हाती रोकड नाही, ही धोक्याची खूण आहे. लेखापरीक्षकाचे शेरे वाचावेत. दर तिमाहीच्या भागधारणा-पत्रकात प्रवर्तकांचा वाटा घटत आहे काय, त्यांनी शेअर्स गहाण टाकले आहेत काय, हे दिसते. संशयास्पद चढउतारांच्या शेअर्सवर २०१७ पासून 'जीएसएम' नावाची विशेष देखरेख ठेवली जाते. ती यादी आधी चाळावी.

खरा पेच मात्र विक्रीच्या वेळी पडतो. अशा शेअर्सना बहुधा ५ टक्क्यांसारखी दैनिक मर्यादा असते. घसरण सुरू झाली की भाव खालच्या मर्यादेला टेकतो आणि तेथे विकणाऱ्यांची रांग लागते. घेणारा कोणीच नसतो. असे दहा दिवस सलग गेले तर सुमारे ४० टक्के रक्कम विकण्याची संधी न मिळताच नाहीशी होते. म्हणून रोजची उलाढाल किती, हे खरेदीपूर्वी पाहावे. खरेदी-विक्री ठरवलेल्या भावाच्या लिमिट ऑर्डरनेच करावी. आणि बुडाली तरी चूल बंद पडणार नाही एवढीच रक्कम गुंतवावी. उसनवारी तर कदापि नको. एकाच दिवसात खरेदी-विक्री करणाऱ्या व्यक्तींपैकी दहातील सात जणांना २०२२-२३ मध्ये तोटा झाला, असे सेबीच्याच अभ्यासात आढळले आहे.

हा तोटा नेहमी दैवाचा खेळ नसतो. जुलै २०२२ मध्ये साधना ब्रॉडकास्ट या कंपनीविषयी यूट्यूबवर खोटी माहिती देणाऱ्या चित्रफिती पसरविण्यात आल्या. एक बडा उद्योगसमूह ती विकत घेणार, अशी हूल त्यांत होती. छोट्या भागधारकांची संख्या २,१६७ वरून ५५,३४३ वर गेली आणि त्या चढ्या भावात आतल्या मंडळींनी आपले शेअर्स विकले. सेबीने मार्च २०२३ मध्ये अंतरिम आदेश काढला. मे २०२५ च्या अंतिम आदेशात ५९ जणांवर कारवाई केली आणि ५८ कोटी रुपयांहून अधिक गैरलाभ परत करण्यास फर्माविले. तोवर जवळजवळ तीन वर्षे उलटली होती.

न्याय उशिरा येतो. म्हणून सावधगिरी आधी यावयास हवी. फुकटचा सल्ला देणारा स्वतः त्या वेळी विकत आहे की घेत आहे, हा प्रश्न चाळीत, कचेरीत, युनियनच्या बैठकीत विचारला गेला पाहिजे. ज्या कष्टकऱ्याने महिन्याकाठी पाचशे-हजार रुपये मागे टाकले, त्याच्या घामाला या बाजारात दुसरा राखणदार नाही. शेअर घेण्यापूर्वी त्याने एवढेच स्वतःला विचारावे: उद्या हा आपल्याकडून घेणार कोण? उत्तर सापडत नसेल, तर न घेणे हाही एक शहाणपणाचा व्यवहार आहे.